ओळंबा आणि खतावणी

नळदुर्गास कोणी पाहुणा आला, की त्यास चहा पाजण्याच्या आधी आम्ही किल्ल्यात नेतो. बोरी नदीवर घातलेला तो दगडी बांध, त्या बांधाच्या पोटातला पाणीमहाल आणि पावसाळ्यात 'नर' व 'मादी' या दोन सांडव्यांवरून कोसळणारे पाणी पाहून पाहुणा गप्प होतो. माथ्यावरून नदी वाहते आहे आणि आपण तिच्याखाली कोरड्या खिडकीत उभे आहोत, ही गोष्ट बुद्धीला पटायला जरा वेळच लागतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीत, १६१३ साली हे काम झाले. करणाऱ्याचे नाव मीर मुहम्मद इमादीन. बादशहाचे नाव राहते यात नवल नाही. पण ज्याने ओळंबा धरला त्याचेही नाव शिल्लक राहावे, हे आपल्या देशात विरळाच. त्याला पगार काय होता, असे मात्र कोणी विचारीत नाही. पगाराचे आकडे दगडावर कोरण्याची चाल नाही.

आमच्या काळी मात्र पहिला प्रश्न पगाराचाच असतो, आणि तो तसा असण्यात मला काही गैर वाटत नाही. गेली काही वर्षे मी एक चमत्कार पाहतो आहे. अकरावी-बारावीला ज्यांना मी मराठी शिकवले, आणि जी मुले मराठीचा तास म्हणजे गणितासाठी मिळालेली विश्रांती असे समजत, ती पुढे इंजिनिअर झाली आणि आता मला भेटतात ती बँकेच्या काउंटरपलीकडे. कोणी यंत्रशास्त्राचा पदवीधर पासबुक छापून देतो, कोणी विजेच्या शाखेचा पदवीधर सोनेतारणाची पावती फाडतो.

या चमत्काराची मुळे थोडी मागे जातात. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. तोवर आमच्या भागातल्या मुलाने इंजिनिअर व्हायचे म्हणजे औरंगाबाद नाही तर पुणे गाठायचे. आता ती विद्या तुळजाभवानीच्या पायथ्याशी, तुळजापुरातच आली. घरटी एक इंजिनिअर झाला. मौज अशी की, इंजिनिअर जितके वाढले तितके कारखाने काही आमच्या बालाघाटाच्या डोंगरात उगवले नाहीत. सोयाबीन आणि ज्वारी पिकवणाऱ्या मुलखात पदव्यांचे पीक मात्र अमाप आले. आणि अमाप पिकाच्या भावाचे काय होते, हे शेतकऱ्याला मास्तराने सांगण्याची गरज नाही.

दुसरीकडे बँका गावोगाव आल्या होत्या. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यानंतर खेड्यापाड्यांत शाखा उघडत गेल्या. आमच्याकडे तर बँकेची ओळख त्याहून जुनी. नळदुर्ग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. १९४१ साली स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक ही त्या राज्याची बँक. 'उस्मानिया सिक्का' चलनाचा कारभार तिच्याकडे होता. हाली रुपया आणि कलदार रुपया यांतला बट्टा तोंडी काढणारी म्हातारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. त्यांना कोणी परीक्षेला बसवले नाही, एवढेच. पुढे हीच बँक स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.

आता माझ्या भाच्याची गोष्ट. तो स्थापत्य अभियंता. दाजींनी एक एकर रान विकून त्याला शिकवले. पदवी मिळाल्यावर तो एका रस्त्याच्या कामावर लागला. कंत्राटदाराचे नाव कशाला सांगू? दिवसभर डांबराच्या वाफेत उभे राहायचे, रात्री पत्र्याच्या खोलीत मोजमापाची वही लिहायची, आणि पगार कधी दोन महिन्यांनी तर कधी तीन. घरी आला की विमनस्क बसून राही. एके दिवशी मला म्हणाला, "मामा, रस्ता मी नीट केला तरी तेवढेच, वाईट केला तरी तेवढेच. मग मी शिकलो कशाला?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याने स्वतःच ते शोधले. नोकरी सोडली आणि बँकेच्या परीक्षेचा अभ्यास धरला. दाजी संतापले. "रान विकलं ते पूल बांधायला, नोटा मोजायला नव्हे!" बापलेकांत चार महिने बोलणे नव्हते. ताटे वाढली जात, पण एकाच वेळी नव्हेत. माझी बहीण दोघांच्या मध्ये निरोप्याचे काम करी.

ही परीक्षा मी जवळून पाहिली. सरकारी बँकांची सामाईक भरती २०११ पासून 'आयबीपीएस' ही संस्था घेते. कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. पूर्वपरीक्षेत शंभर प्रश्न आणि साठ मिनिटे; उत्तर चुकले की पाव गुण कापला जातो. इंग्रजी, आकडेमोड आणि तर्क. इंजिनिअर मुले यात पुढे सरकतात त्यात गूढ काही नाही. चार वर्षे त्यांनी आकड्यांशीच झुंज घेतलेली असते. भाचा ओट्यावर बसून गणिते सोडवी. नाव प्रवाहाच्या दिशेने ताशी अमुक, प्रवाहाविरुद्ध ताशी तमुक, तर प्रवाहाचा वेग किती? नदीचा विसर्ग प्रत्यक्ष मोजायला शिकलेला हा मुलगा, बोरी नदी हाकेच्या अंतरावर असताना, कागदावरच्या नावा वल्हवीत होता. मला हसू आले, आणि लगेच वाईटही वाटले.

दाजींची समजूत घालण्यासाठी मी त्यांना विश्वेश्वरय्यांची गोष्ट सांगितली. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून १८८३ साली स्थापत्याची पदवी घेतलेला हा माणूस मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होता. १९०८ साली मुसा नदीच्या पुराने हैदराबाद बुडाले, तेव्हा निजामाने त्यांनाच बोलावले. पुढे ते म्हैसूरचे दिवाण झाले आणि १९१३ साली त्यांच्याच पुढाकाराने बँक ऑफ म्हैसूर निघाली. धरण बांधणाऱ्याला बँक परकी वाटली नाही. पाणी काय आणि पैसा काय, अडवून योग्य वेळी सोडण्याचीच ती विद्या. दाजींनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "त्यांनी बँक काढली. ह्यानं अर्ज काढलाय."

यावर काय बोलणार? तरी मी कामतांचे उदाहरण पुढे केले. के. व्ही. कामत सुरतकलच्या महाविद्यालयातले यंत्र अभियंते. अहमदाबादला व्यवस्थापन शिकून ते १९७१ साली आयसीआयसीआयमध्ये गेले आणि पुढे तिचे प्रमुख झाले. ती संस्था त्या काळी कारखान्यांना दीर्घ मुदतीची कर्जे देई. कारखान्याला कर्ज द्यायचे म्हणजे यंत्र कोणते, माल किती निघेल, ते किती वर्षे टिकेल हे पाहणारा माणूस हवा. नुसता जमाखर्च जाणणारा तेथे अपुरा पडतो. रिझर्व्ह बँकेचे २०१३ ते २०१६ या काळातले गव्हर्नर रघुराम राजन हेही मूळचे दिल्ली आयआयटीचे विद्युत अभियंते. दाजी या नावांनी काही विरघळले नाहीत.

विरघळले ते आकड्याने. भाचा दुसऱ्या खेपेस अधिकारी म्हणून निवडला गेला. १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झालेल्या वेतनकरारात कनिष्ठ अधिकाऱ्याचे मूळ वेतन ४८,४८० रुपयांपासून सुरू होते; महागाई भत्ता वगैरे वेगळा. लिपिकाचे २४,०५० पासून. पगार महिन्याच्या महिन्याला, न मागता, खात्यावर. दाजींनी आकडा दोनदा वाचून घेतला. त्या रात्री दोघांची ताटे शेजारी मांडली गेली, असे बहिणीने मला कळवले.

पैशापुढे विद्या हरली, असे कोणी म्हणतील. मला ते पुरते पटत नाही. ज्या कामावर मुलाचा पगारच थकतो, त्या कामावरून तो निघून गेला तर दोष त्याच्या निष्ठेचा कसा? मात्र आमच्या गावच्या रस्त्याचे खड्डे मोजायला जाणता माणूस उरत नाही, हेही खोटे नाही, आणि पहिल्याच पावसात तो रस्ता वाहून जातो तेव्हा पगार बुडवणारा कंत्राटदार चिखलात सापडत नाही. सापडतात ती आमची शाळेची पोरे.

भाच्याची नेमणूक एका खेड्यातल्या शाखेत झाली. तेथे एक शेतकरी विहिरीचे कर्ज मागायला आला. सोबत कोणाकडून तरी करून आणलेले अंदाजपत्रक. विहीर गोल, वीस फूट व्यासाची, चाळीस फूट खोल. पण खोदाई धरली होती चौकोनी, सोळा हजार घनफूट! भाच्याने तिथल्या तिथे हिशोब केला. गोल विहिरीची खोदाई भरते सुमारे १२,५६६ घनफूट. म्हणजे जवळजवळ साडेतीन हजार घनफूट न खोदलेल्या मातीवर तो बिचारा वर्षानुवर्षे व्याज भरणार होता. भाच्याने कर्जाची रक्कम तेवढी कमी सुचवली. शेतकरी रागावला. "साहेब, सगळ्यांना वाढवून देता, अन् माझंच का कापता?" भाच्याने कागदावर आधी चौकोन काढला, त्यात गोल काढला आणि चार कोपरे पेन्सिलीने काळे करून दाखवले. शेतकरी बराच वेळ त्या कोपऱ्यांकडे पाहत राहिला. मग अंदाजपत्रक करणाऱ्याला त्याने अस्सल मराठवाडी बोलीत जे काही दिले, ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही.

पुढच्या हप्त्याआधी काम पाहायला भाचा स्वतः गेला, टेप घेऊन. हा किस्सा मी दाजींना सांगितला तेव्हा ते काही बोलले नाहीत. नुसते एकदा विचारले, "ओळंबा नेला होता का त्यानं?"

सध्या घरात भाच्याच्या सोयरिकीची बोलणी चालू आहेत. परिचयपत्र दाजींनी माझ्याकडून लिहून घेतले. नावाखाली 'बी. ई. (स्थापत्य)' हे ठळक अक्षरांत हवे, आणि बँकेचा उल्लेख त्याच्या खाली, जरा बारीक. मी तसे लिहून दिले. मुलीकडची मंडळी गेल्या रविवारी येऊन गेली. त्यांनी ठळक ओळ वाचलीच नाही. बारीक ओळीवर बोट ठेवून त्यांनी एवढेच विचारले, की उमेदवारीची दोन वर्षे संपून मुलगा कायम कधी होणार?