नोरग्येलिंगची तिबेटी शेतकरीण

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगड-गोठणगावच्या जंगलपट्ट्यात नोरग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वस्ती 1972 साली वसली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. 1959 मध्ये दलाई लामांमागोमाग भारतात आलेल्यांची ही कुटुंबे. सातू पिकवणाऱ्या थंड पठारावरच्या बायकांना इथे पूर्व विदर्भाच्या उन्हात धानाची शेती करावी लागली: पऱ्हे टाकणे, चिखलणी, भर पावसात बांधीत वाकून रोवणी. या कष्टांची नोंद फारशी कुठे झालेली नाही, ती व्हायला हवी.

पावसावरच्या शेतीत घरखर्च भागत नाही. म्हणून भारतातल्या बहुतेक तिबेटी वस्त्यांप्रमाणे इथलीही अनेक कुटुंबे हिवाळ्यात शहरांत स्वेटर विकतात. धानाची कापणी आणि हा विक्रीचा हंगाम एकाच सुमारास येतात, त्यामुळे घरातली माणसे विभागली जातात. म्हातारी माणसे वस्तीवर थांबतात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येणाऱ्या लोसारला, म्हणजे तिबेटी नववर्षाला, बहुतेक जण परततात.

विवाहित स्त्री सणावाराला ‘चुपा’ या पायघोळ पोशाखावर आडव्या रंगीत पट्ट्यांचा ‘पांगदेन’ हा एप्रन बांधते. बहुतेक तिबेटींत आडनाव नसते. मुलांची नावे अनेकदा लामांकडून घेतली जातात. आई निर्वासित म्हणून नोंदलेली असली, तरी 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्मलेली तिची मुले कायद्याने जन्मतः भारतीय नागरिक ठरतात.