एसएनके : एका मशीनवर मोठी झाली, त्याच मशीनमुळे अडकली



'किंग ऑफ फायटर्स ९७' आणि 'मेटल स्लग' ही नावं तुम्ही ऐकली असतीलच. काहींनी हे गेम्स मोबाईलवर खेळले असतील, तर थोड्या मोठ्या मंडळींनी गल्लीतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये कॉइन टाकून. दोन्ही गेम्स एकाच जपानी कंपनीचे, एसएनकेचे. २००१ मध्ये ही कंपनी चक्क दिवाळखोरीत गेली. गेम्स हिट असताना कंपनी बुडते कशी? आज तेच समजून घेऊ.

सुरुवात आणि एक भारी आयडिया

एइकिची कावासाकी यांनी १९७८ मध्ये ओसाकात ही कंपनी सुरू केली. 'शिन निहोन किकाकू' या जपानी नावाची आद्याक्षरं घेतली की एसएनके.

तेव्हा पार्लरवाल्यांची मोठी अडचण होती. मशीनच्या आत एक सर्किट बोर्ड असायचा आणि त्यात एकच गेम. पोरांना त्या गेमचा कंटाळा आला की नवीन बोर्ड घ्या, नाहीतर अख्खं मशीनच बदला. एसएनकेने १९९० मध्ये एमव्हीएस नावाची सिस्टीम आणली. यात मेन बोर्ड कायम तोच राहायचा, फक्त कार्ट्रिज बदलायचं. काही मॉडेल्समध्ये तर एकाच मशीनला सहा कार्ट्रिज लावता यायची. जागा एका मशीनची, गेम्स सहा! नवीन गेम हवा? कार्ट्रिज बदला, झालं काम.

हेच हार्डवेअर त्यांनी 'निओ जिओ' नावाने घरीसुद्धा दिलं. गेम अगदी पार्लरसारखाच दिसायचा. मेमरी कार्डवर सेव्ह केलेला गेम घरून पार्लरमध्ये नेऊन पुढे खेळता यायचा. आज आपण याला क्लाऊड सेव्ह म्हणतो. फरक इतकाच की त्यांचा 'क्लाऊड' खिशात असायचा. पण अमेरिकेत या कन्सोलचा मोठा सेट ६५० डॉलरला होता आणि एकेक गेम साधारण २०० डॉलरला. १९९१ मध्ये तिथे आलेला सुपर निन्टेन्डो अख्खाच्या अख्खा १९९ डॉलरला मिळत होता. त्यामुळे निओ जिओ श्रीमंतांचं खेळणं झालं आणि कंपनीचा खरा धंदा पार्लरवरच राहिला.

आत काय चालायचं?

मशीन चालू केलं की स्क्रीनवर 'मॅक्स ३३० मेगा' असं काहीतरी झळकायचं. शाळेत असताना मला हे ३३० एमबी वाटायचं, पण ते मेगाबिट आहेत. ८ ने भागलं की साधारण ४१ एमबी. आज फोनवर शूट केलेला मिनिटभराचा व्हिडिओसुद्धा बऱ्याचदा याहून मोठा भरतो. नंतरच्या गेम्सनी हा आकडाही ओलांडला, ते सोडा.

प्रोसेसर १२ मेगाहर्ट्झचा होता. मग गेम इतका स्मूथ कसा चालायचा? कारण जवळजवळ सगळं काही स्प्राईट होतं, म्हणजे आधीच काढून ठेवलेली छोटी चित्रं. फायटर तर सोडाच, मागचं बॅकग्राऊंडसुद्धा स्प्राईट जोडूनच बनायचं. एका वेळी ३८० पर्यंत स्प्राईट दाखवता यायचे. ग्राफिक्स चिप ही चित्रं थेट कार्ट्रिजमधून वाचायची, म्हणून लोडिंगची भानगडच नाही.

१९९४ मध्ये गेम्स स्वस्तात विकता यावेत म्हणून त्यांनी निओ जिओ सीडी आणला आणि इथे हिशोब उलटा झाला. सीडीवरून आधी ७ एमबी मेमरी भरायची, आणि ड्राइव्हचा स्पीड सेकंदाला १५० केबी. भागाकार करून बघा, पूर्ण मेमरी भरायला ४५ सेकंदांच्या वर लागतात. फाईटच्या आधी इतकं थांबणार कोण?

मग गाडी कुठे अडली?

१९९४ च्या शेवटी जपानमध्ये प्लेस्टेशन आला आणि गेमिंगचा ओघ थ्रीडीकडे वळला. थ्रीडीमध्ये चित्र आधीपासून तयार नसतं, दर फ्रेमला गणित करून बनवावं लागतं. निओ जिओ त्यासाठी बनलाच नव्हता. १९९७ मध्ये एसएनकेने थ्रीडीसाठी 'हायपर निओ जिओ ६४' काढला, पण त्यावर फक्त सात गेम्स आले. मग हातात धरायचा निओ जिओ पॉकेट काढला. तिथे समोर गेम बॉय ठाण मांडून बसलेला. त्यात घरबसल्या तसेच ग्राफिक्स मिळायला लागल्यावर लोकांचं पार्लरला जाणंही कमी झालं.

२००० मध्ये आरुझे या जुगाराची मशीन्स बनवणाऱ्या कंपनीने एसएनके ताब्यात घेतली. तिला नवीन गेम्सपेक्षा एसएनकेची कॅरेक्टर्स आपल्या मशीन्सवर वापरण्यात जास्त रस होता. कावासाकी बाहेर पडले, त्याच वर्षी अमेरिकेतलं ऑफिसही बंद झालं आणि ऑक्टोबर २००१ मध्ये एसएनके दिवाळखोर ठरली.

मला यातली सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट पुढची वाटते. कावासाकींनी प्लेमोर ही नवीन कंपनी काढून गेम्सचे हक्क परत मिळवले आणि त्याच जुन्या हार्डवेअरवर २००४ पर्यंत गेम्स येत राहिले. १९९० चं मशीन १४ वर्षं! २०१५ मध्ये कंपनी चिनी गुंतवणूकदारांकडे गेली. २०२२ पर्यंत सौदी युवराज मोहम्मद बिन सलमान यांच्या मिस्क फाउंडेशनकडे ९६ टक्के शेअर्स आले. नाव मात्र पुन्हा एसएनकेच आहे.

यात आपला काय संबंध?

कंपनी बुडाली तेव्हा एकही कार्ट्रिज बंद पडलं नाही. गेम त्या चिपमध्येच होता, त्याला कोणाच्या सर्व्हरची परवानगी लागत नव्हती. म्हणून पार्लरमधली मशीन्स पुढेही वर्षानुवर्षं चालली. आता पबजी मोबाईल आठवा. ३० ऑक्टोबर २०२० ला भारतात सर्व्हर बंद झाले आणि फोनमध्ये इन्स्टॉल असलेला गेम एका दिवसात निरुपयोगी झाला. पैसे देऊन घेतलेल्या स्किन्ससुद्धा हाताबाहेर गेल्या.

त्यामुळे पुढच्या वेळी एखाद्या गेममध्ये पैसे टाकण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि गेम उघडून बघा. उघडलाच नाही, तर तुम्ही गेम विकत घेत नाही आहात, भाड्याने घेताय. भाड्याने घ्यायलाही हरकत नाही, फक्त किती भाडं द्यायचं ते आधी ठरवा.