वॉशिंग सेंटरसाठी ब्लोअर घेताय? आधी बोअरचं पाणी बघा



वॉशिंग सेंटर टाकणारी मुलं मला सामानाची यादी दाखवतात. त्यात प्रेशर पंप असतो, फोमची टाकी असते, व्हॅक्यूम क्लीनर असतो, रॅम्प नाहीतर लिफ्ट असते. आणि शेवटच्या ओळीत कुठेतरी लिहिलेलं असतं, ‘ब्लोअर – १ नग’. कसला, किती वॅटचा, कशासाठी, काही नाही. मग दुकानात जो स्वस्त मिळतो किंवा ज्याच्या डब्यावर सगळ्यात मोठा आकडा छापलेला असतो तो घरी येतो. आपल्या नांदेड-लातूरकडे हे जास्त महागात पडतं, आणि त्याचं कारण आपल्या पाण्यात आहे.

लातूरचं पाणी म्हटलं की सगळ्या महाराष्ट्राला २०१६ चा एप्रिल आठवतो. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली तेव्हा दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. अशा गावात गाडी धुवायला नळाचं पाणी कोण देणार? धंदा चालतो तो बोअरवर. नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरी आहे, पण हायवेच्या कडेचं सेंटर तिथंही बहुतेक बोअरवरच असतं. आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे जड पाणी. घरातल्या बादलीला, गिझरच्या कॉइलला, नळाच्या तोटीला जो पांढरा थर बसतो ना, तेच पाणी आपण गिऱ्हाईकाच्या काळ्या गाडीवर मारत असतो.

आता साधा हिशेब बघा. समजा तुमच्या पाण्याचा टीडीएस ९०० आला, म्हणजे एका लिटरमध्ये ९०० मिलिग्रॅम क्षार विरघळलेले आहेत. धुऊन झाल्यावर गाडीच्या अंगावर आणि सांदीकोपऱ्यांत २०० मिलिलिटर पाणी राहिलं आणि ते तिथंच वाळलं, तर १८० मिलिग्रॅम क्षार गाडीवर चिकटून राहिले. चिमूटभरच आहे, पण थेंबाथेंबाच्या गोल डागांत पसरलं की लांबून दिसतं. मे महिन्यात पारा ४२ च्या आसपास असतो, बॉनेट हात लावू देत नाही. तिथं थेंब वाळायला किती वेळ लागणार? पोरगं एका बाजूचं फडकं पिळेपर्यंत दुसऱ्या बाजूला डाग बसलेले असतात. दोनचार वेळा बसलेले डाग मग साध्या शाम्पूनं जात नाहीत, पॉलिश करावं लागतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं, तुमच्याकडे धुतल्यापासूनच गाडी खराब झाली.

म्हणून आपल्याकडे ब्लोअरचं काम पाण्याची वाफ करणं हे नाहीच. पाणी वाळायच्या आत त्याला गाडीवरून हाकलून खाली पाडायचं, एवढंच काम. हे एकदा डोक्यात बसलं की खरेदीतले अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

पहिला प्रश्न सुटतो तो गरम हवेचा. बऱ्याच ‘कार ड्रायर’मध्ये हीटर असतो आणि त्याचे वेगळे पैसे लावतात. थंड देशांत ते बरोबर आहे, तिथं हिवाळ्यात पाणी गोठतं. आपल्याला त्याची गरज नाही. एक तर ब्लोअरची मोटर जी वीज खाते तिची शेवटी बहुतेक उष्णताच होते, आणि ती त्याच हवेत जाते. १५०० वॅटचा ब्लोअर मिनिटाला तीन घनमीटर हवा फेकत असेल तर हीटर न लावताही त्याची हवा बाहेरच्यापेक्षा चांगली वीस-पंचवीस अंशांनी गरम होऊ शकते. आणि दुसरं म्हणजे, जड पाण्याला उष्णता दिली की ते जागेवर वाळतं, क्षार तिथंच सोडून. हीटरचे पैसे वाचवा आणि ते जास्त हवेवर घाला.

ही जास्त हवा डब्यावर कशी ओळखायची? तिथं तीन-चार आकडे असतात आणि दुकानदार त्यातला सगळ्यात मोठा दाखवतो. तुम्ही बघायचा तो हवेचा आकडा. तो कधी घनमीटर प्रति मिनिट असा असतो, कधी सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट. एक घनमीटर म्हणजे साधारण ३५ घनफूट, त्यामुळे ३ घनमीटरवाला आणि १०६ सीएफएमवाला ब्लोअर एकच. हवेचा वेगही लिहितात, सेकंदाला ७० मीटर म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटर. ऐकायला भारी वाटतं, पण नळी चिंचोळी केली की वेग वाढतो, आणि हवा मात्र तेवढीच राहते किंवा कमी होते. छतावरचं, बॉनेटवरचं पाणी एका पट्ट्यात ढकलत न्यायचं तर हवा जास्त लागते. वेग लागतो तो आरशाच्या आणि लोगोच्या फटीत. म्हणून दोन तोंडं असलेलं मशीन घ्या, एक चपटं रुंद आणि एक बारीक गोल. तोंड रबराचं असेल तर उत्तम, घाईत गाडीला लागलं तरी चरा पडत नाही.

एचपीच्या आकड्यावर तर अजिबात जाऊ नका. तो खरा आहे का हे दुकानात उभं राहून तपासता येतं. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. घरातलं छोटं ६ अँपिअरचं सॉकेट २३० व्होल्टला जास्तीत जास्त १३८० वॅट देतं, म्हणजे दोन एचपीसुद्धा नाही. मोठं १६ अँपिअरचं ३६८० वॅट देतं. आता डब्यावर ‘४ एचपी’ लिहिलंय आणि वायरीला छोटी बारीक पिन आहे, तर तो आकडा कुठून आला हे तुम्हीच समजून घ्या. मशीनच्या अंगावर जी बारीक अक्षरांची पाटी असते ती वाचायची, त्यावर वॅट असतात. डबा रंगवलेला असतो, पाटी सहसा खरं बोलते.

बॅटरीवाल्या ब्लोअरचं काय, हे मला नेहमी विचारतात, कारण ऑनलाइन तेच जास्त दिसतात. हिशेब इथंही करता येतो. १८ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ७२ वॅट-तास. ब्लोअर पूर्ण जोरात ४०० वॅट ओढत असेल तर ती अकरा मिनिटांत संपली. दोन गाड्या. ज्या बॅटरीवर २१ व्होल्ट लिहितात ती बहुतेक पाच सेलची, म्हणजे तीच १८ ची, २१ हा फक्त पूर्ण चार्ज असतानाचा आकडा. घरोघरी जाऊन गाडी धुण्याची सेवा असेल, अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये प्लग मिळत नसेल, तर बॅटरीचा ब्लोअर आणि तीन-चार बॅटऱ्या हे बरोबर आहे. जागा घेऊन बसलेल्या सेंटरला वायरीचाच घ्या.

आणि ज्यांच्याकडे लिफ्टसाठी किंवा हवा भरायला कॉम्प्रेसर आहे ते म्हणतात, एअर गन आहे की, ब्लोअर कशाला? तीन एचपीचा कॉम्प्रेसर दहा-बारा सीएफएम हवा देतो, दाब जास्त, हवा थोडी. ब्लोअर शंभर सीएफएम देतो, दाब कमी. बाईकची चेन, प्लगची खोबण, स्विचची फट, तिथं एअर गन झकास चालते. पण तिनं बॉनेट वाळवायला गेलात तर कॉम्प्रेसर धापा टाकत राहील आणि टाकीतलं पाणी-तेल फवाऱ्यासारखं गाडीवर येईल, मॉइश्चर सेपरेटर नसेल तर नक्कीच. दोन्ही असू द्या, कामं वेगळी आहेत.

मग शेवटी कोणता? माझं मत असं आहे. सुरुवातीला दिवसाला पाच-सात कार आणि बाकी बाईक असतील, तर ६०० ते ८०० वॅटचा, वेग कमी-जास्त करता येणारा हातातला ब्लोअर पुरे. मात्र त्याला दर गाडीनंतर श्वास घेऊ द्या. ही मशीन सलग तासभर चालण्यासाठी नसतात. दसरा-दिवाळीला गाड्यांची रांग लागेल तेव्हा मोटर तापून बंद पडेल किंवा जळेल. दिवसाला पंधरा-वीस कार होत असतील तर १५०० वॅटच्या पुढचा, भिंतीला टांगायचा किंवा चाकावरचा, पाच-सात मीटर लांब पाइपवाला घ्या. त्यात मोटर पाण्यापासून लांब राहते आणि पोराच्या हातात फक्त पाइप असतो. माझ्या दृष्टीनं पैसे जास्त घालायचं हेच सर्वांत मोठं कारण आहे.

कारण बघा, आपण काय करतोय? ओल्या फरशीवर, ओल्या हातानं, २३० व्होल्टचं मशीन धरून उभे आहोत. हातातले बहुतेक ब्लोअर पाण्यासाठी बनवलेलेच नसतात, ते धूळ उडवायला बनवलेले असतात. त्यामुळे तीन गोष्टींवर तडजोड नाही. ब्लोअरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवायची, आणि महिन्यातून एकदा तिचं टेस्टचं बटण दाबून ती पडते का ते बघायचं. अर्थिंग खरं करून घ्यायचं. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकला की ते नावालाच उरतं, त्यात पाणी घालत जा. आणि वायर जमिनीवरून नाही, वरून तारेवर अडकवून आणायची. पोरांना गमबूट द्या, कानाला इअर प्लग द्या. हे मशीन तासन्‌तास कानाजवळ किंचाळत असतं. पोरगं कामाला ठेवलंय म्हणजे त्याची जबाबदारी तुमची आहे. या सगळ्याचा खर्च एका चांगल्या ब्लोअरपेक्षा जास्त होत नाही.

मशीनला हवा आत घेण्याच्या बाजूला फिल्टर आहे का, हेही बघा. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत रस्त्याकडेच्या सेंटरवर हवेत काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. फिल्टर नसेल तर तीच धूळ आत ओढून ओल्या पेंटवर मारली जाते, आणि वरून फडकं फिरवलं की बारीक ओरखडे पडतात. फिल्टर काढून धुता येणारा असावा. आपल्याकडे तो आठवड्याला धुवावाच लागतो.

वापरताना सुरुवात छतापासून करायची, मग काचा, बॉनेट, बाजू, शेवटी चाकं. तोंड पेंटपासून वीतभर लांब आणि तिरकं, म्हणजे पाण्याची चादर पुढे सरकते. समोरून सरळ मारलं तर थेंब फुटून मागच्या कोरड्या भागावर उडतात. त्यानंतर फटी, म्हणजे आरशांचे कान, दाराच्या मुठी, नंबरप्लेटच्या मागे, ग्रिल, टेललाइटच्या कडा, पेट्रोलचं झाकण. गिऱ्हाईक गाडी घेऊन निघतं, अहमदपूर-लोहा रस्त्याला लागतं, वाऱ्यानं आरशातलं पाणी बाहेर येतं, त्यावर धूळ बसते आणि दारावर काळा ओघळ तयार होतो. तो ओघळ बघून माणूस म्हणतो, धुतली की नाही रे यानं? फटींना दीड-दोन मिनिटं द्या. आणि सगळं झाल्यावर एकदा स्वच्छ मायक्रोफायबर. तो लागतोच, पण आता त्याला पाणी ओढायचं नसतं, फक्त ओल टिपायची असते.

एक गोष्ट खरेदीच्या बाहेरची, पण सांगतो. तीन-चारशे रुपयांच्या आसपास टीडीएस मीटर मिळतो, तो आधी घ्या. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० पर्यंत योग्य आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालेल असं धरलंय. आपल्याला गाडीसाठी अंदाज यायला तेवढं पुरे. जवळ जारचा आरओ प्लांट असेल तर त्याचं वाया जाणारं पाणी काही जण फुकट आणतात. पाणी वाचतं, चांगलंच आहे, पण त्यात क्षार बोअरपेक्षाही जास्त असतात. ते खालच्या बाजूला, चाकांच्या आतल्या काळ्या मातीच्या चिखलावर मारा. शेवटचा हात मात्र त्यातल्या त्यात गोड्या पाण्याचा असू द्या. मीटरचा आकडा खूप जास्त आला तर ब्लोअर कितीही भारी घेतला तरी तो एकटा पुरणार नाही, भर उन्हात धुणं बंद करून वर शेड टाकावी लागेल.

पैशाचं गणित अवघड नाही. १४०० वॅटचा ब्लोअर एका कारला पाच मिनिटं चालला तर ०.१२ युनिटपेक्षा कमी वीज लागते. व्यापारी दर सगळं धरून १५ रुपये युनिट पडला असं समजा, तरी पावणेदोन रुपये. फक्त फडक्यानं पुसायला पंधरा मिनिटं लागत असतील आणि ब्लोअरनं नऊ, तर रविवारच्या पंधरा गाड्यांमागे दीड तास सुटतो. त्या दीड तासात आणखी दोन गाड्या झाल्या, तर मशीन किती आठवड्यांत फिटतं ते तुमच्या दरानं तुम्हीच काढा. कर्जातून घेत असाल तर मुद्राच्या शिशु गटाची मर्यादा ५० हजार आहे, त्यात पंप आणि ब्लोअर दोन्ही बसवायचे तर ब्लोअर मध्यमच घ्या, पंप चांगला घ्या.

दुकानात गेलात की मशीन दहा मिनिटं सलग चालू ठेवायला सांगा. हात लावून किती तापतं बघा, जळका वास येतो का बघा. सोबत पाण्याची स्प्रे बाटली न्या आणि स्वतःच्याच बाईकच्या टाकीवर पाणी मारून ब्लोअर फिरवा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, वॉरंटी व्यावसायिक वापराला लागू आहे का ते त्यावर लिहून मागा, कारण बऱ्याच कंपन्या ती फक्त घरगुती वापराला देतात. आणि सर्व्हिस नांदेड-लातुरातच होते की मशीन पुण्याला पाठवावं लागतं, हे विचारा. बहुतेक मोटरींत कार्बन ब्रश असतात, ते झिजतात. त्यांची एक जोडी त्याच दिवशी, त्याच दुकानातून, बिलासोबत घेऊन या.