विश्लेषण : दारात लपणारे हँडल अपघातात जिवावर बेतते? चीनने बंदी घातली, आपल्याकडे काय?

किल्ली खिशात ठेवून महागड्या गाडीजवळ गेले की दारातून हँडल आपोआप बाहेर येते आणि गाडी निघाली की पुन्हा आत जाते. शोरूममध्ये सर्वांचे लक्ष वेधून घेणारी ही सोय आता जगभर वादात सापडली आहे. गाडीची छोटी बॅटरी उतरली किंवा अपघातात वायर तुटली, तर दार बाहेरून उघडायचे कसे, हा त्यातला मुख्य प्रश्न. चीनने यावर थेट नियम केला आहे. समृद्धी महामार्ग आणि नगर-पुणे रस्त्यावरून अशा गाड्या अहिल्यानगर जिल्ह्यातही येऊ लागल्या आहेत. त्यामुळे हा विषय फक्त गाडीमालकांचा राहिलेला नाही.

ही हँडल नेमकी कशी चालतात?

दाराच्या पत्र्याशी समपातळीत बसणाऱ्या हँडलला ‘फ्लश हँडल’ म्हणतात. त्याचे ढोबळ प्रकार दोन. पहिल्यात हँडलचे एक टोक अंगठ्याने दाबायचे, दुसरे टोक बाहेर येते आणि ते ओढायचे. यासाठी मोटर लागत नाही. १९५४ च्या मर्सिडीज ३००एसएल या गाडीला अशीच हँडल होती.

दुसरा प्रकार मोटरवर चालणारा. किल्ली जवळ आल्याचे अँटेना ओळखतो, गाडीतील संगणक दारातल्या छोट्या मोटरला वीज देतो, गिअर फिरतात आणि हँडल बाहेर येते. टेस्लाने २०१२ मध्ये ‘मॉडेल एस’मध्ये हा प्रकार आणला. २०१७ च्या रेंज रोव्हर वेलारमध्येही तो आला. भारतात महिंद्राने २०२१ मध्ये एक्सयूव्ही७०० च्या वरच्या व्हेरियंटमध्ये अशी हँडल दिली आणि ही ‘लक्झरी’ मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली.

येथे एक फरक लक्षात ठेवावा लागेल. हँडल बाहेर येणे ही एक गोष्ट आणि दाराचे लॉक सुटणे ही दुसरी. काही गाड्यांत हँडल मोटरवर बाहेर येते, पण ओढल्यावर आतली केबल लॉक उघडते. काही गाड्यांत मात्र लॉकसुद्धा विजेवरच सुटते. तिथे हँडल हे फक्त एक बटण असते. खरी अडचण याच गाड्यांत आहे.

मग हँडल लपवायचे कशासाठी?

कंपन्यांचे उत्तर असते, हवेचा विरोध कमी करण्यासाठी. विरोध कमी झाला की इलेक्ट्रिक गाडी एका चार्जमध्ये थोडी जास्त धावते. हे तत्त्व बरोबर आहे, पण हँडलचा वाटा फारच छोटा. गाडीचा एकूण आकार, आरसे, चाके आणि गाडीचा तळ यांचा परिणाम त्याहून कितीतरी मोठा असतो. शिवाय मोटर, गिअर, सेन्सर आणि वायरिंगमुळे वजन वाढते ते वेगळेच. चीनच्या ग्रेट वॉल मोटर या कंपनीचे अध्यक्ष वेई जियानजुन यांनीही अशा हँडलवर जाहीर टीका केली होती. हँडल लपवण्यामागचे दुसरे कारण सरळ आहे. गाडी दिसायला गुळगुळीत आणि महाग वाटते.

रोजच्या वापरात काय त्रास होतो?

साध्या हँडलमध्ये एक लिव्हर, एक स्प्रिंग आणि एक केबल असते. मोटरच्या हँडलमध्ये बिघडू शकणारे भाग त्याहून बरेच जास्त. थंड देशांत फटीत बर्फ साचून हँडल अडकते. आपल्याकडे बर्फ नाही, पण उन्हाळ्यातली धूळ, पावसाळ्यातला चिखल आणि ऊसतोडणीच्या हंगामात रस्त्यावर उडणारा पाचोळा आहे. फटीत माती जाऊन वाळली की मोटरवर ताण येतो. बिघाड झाल्यावर अनेकदा एखादा सुटा भाग नव्हे, तर पूर्ण हँडल बदलावे लागते. बोट अडकण्याची भीती आणि दार कसे उघडायचे हेच न समजणे, हे त्रास घरातल्या वृद्धांना आणि पाहुण्यांना जास्त होतात.

अपघातानंतर दार का उघडत नाही?

इलेक्ट्रिक गाडीत मोठी बॅटरी असली तरी दारे, दिवे आणि काचा साधारणपणे १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतात. जोरदार धडक झाली की शॉक लागू नये म्हणून मोठ्या बॅटरीचा पुरवठा आपोआप तोडला जातो. ही सुरक्षेची सोयच आहे. पण त्याच धडकेत छोटी बॅटरी चिरडली किंवा दाराकडे जाणारी वायर तुटली, तर दाराला वीज मिळत नाही. हँडल आतच राहते आणि बाहेरच्या माणसाला पकडायला काहीच उरत नाही.

काही कंपन्यांनी धडक होताच हँडल आपोआप बाहेर यावे अशी सोय केली आहे. तीही त्या क्षणी वीज शिल्लक असेल तरच चालते.

आतल्या प्रवाशांसाठी बहुतेक गाड्यांत हाताने ओढायची आपत्कालीन कळ असते. पण ती कुठे आहे हे माहीत असायला हवे. टेस्लाच्या जुन्या ‘मॉडेल वाय’ गाड्यांपैकी ज्यांत ही सोय आहे, त्यांत मागच्या दाराची केबल दारातल्या कप्प्याच्या तळाशी, मॅटखाली आहे. धुराने भरलेल्या गाडीत मुलाने ती शोधावी, ही अपेक्षा अवघड आहे.

चीनने नेमके काय ठरवले?

चीनमध्ये २०२५ मधील दोन अपघातांनी हा विषय पेटला. २९ मार्च रोजी आन्हुई प्रांतात शाओमी एसयू७ गाडी पेटून तीन विद्यार्थिनींचा मृत्यू झाला. ऑक्टोबरमध्ये चेंगडू शहरात याच कंपनीची गाडी पेटली. तिथे लोक दार उघडण्यासाठी धडपडताना व्हिडिओत दिसले, पण दार उघडले नाही.

फेब्रुवारी २०२६ मध्ये चीन सरकारने नियम जाहीर केला. अशी बंदी घालणारा चीन हा पहिला देश आहे. नियमातील मुख्य मुद्दे असे :

• डिकी वगळता प्रत्येक दाराला बाहेरून आणि आतून हाताने, विजेशिवाय चालणारी उघडण्याची सोय हवी.
• बाहेरच्या हँडलजवळ हात घालण्यासाठी किमान ६ सेंमी लांब, २ सेंमी रुंद आणि २.५ सेंमी खोल जागा हवी.
• दार आतून कसे उघडायचे, याची स्पष्ट खूण हवी.
• १ जानेवारी २०२७ पासून नव्या मॉडेलना नियम लागू. आधीच मंजूर झालेल्या मॉडेलना १ जानेवारी २०२९ पर्यंत मुदत.

अमेरिकेत काय घडले?

तेथील वाहन सुरक्षा यंत्रणेने सप्टेंबर २०२५ मध्ये २०२१ च्या सुमारे १ लाख ७४ हजार ‘मॉडेल वाय’ गाड्यांची चौकशी सुरू केली. हँडल बंद पडल्याच्या ९ तक्रारी आल्या होत्या. मुले आत आणि पालक बाहेर, असे प्रसंग त्यात होते. चार प्रकरणांत काच फोडावी लागली. त्याआधी जूनमध्ये फोर्डने सुमारे १ लाख ९७ हजार ‘मस्टँग मॅक-ई’ गाड्या परत बोलावल्या. छोटी बॅटरी उतरल्यास मागच्या सीटवरील व्यक्ती आत अडकण्याचा धोका, हे कारण होते.

भारतात नियम काय? अहिल्यानगरचा संबंध कसा?

देशात नवे मॉडेल विक्रीला येण्याआधी त्याचा नमुना तपासावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२६ मध्ये ही तपासणी करणाऱ्या संस्थांची यादी आहे. त्यात पुण्याच्या एआरएआयप्रमाणेच अहिल्यानगरच्या वाहननगर येथील व्हीआरडीई या डीआरडीओच्या संस्थेचेही नाव आहे.

समोरून होणाऱ्या धडकेच्या चाचणीसाठी एआयएस-०९८ हे मानक आहे. नव्या मॉडेलना ते १ ऑक्टोबर २०१७ पासून लागू झाले. धडकेनंतर सीटच्या प्रत्येक रांगेतील किमान एक दार हत्याराशिवाय उघडता आले पाहिजे, असे ते सांगते. ही अट निकालाची आहे, रचनेची नाही. चाचणी ठरावीक वेगाने आणि ठरावीक अडथळ्यावर होते. रस्त्यावरची धडक कोणत्याही बाजूने, कितीही वेगाने होते. चीनने नेमकी हीच फट बुजवली. चाचणीत दार उघडले तरी विजेविना उघडणारे हँडल द्यावेच लागेल, असे त्याचा नियम सांगतो.

दारांबाबत भारताने पूर्वी कडक पाऊल उचलले आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या टॅक्सींमध्ये चाइल्ड लॉकला मनाई आहे. आणि दार न उघडण्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस दाराच्या बाजूवर उलटली, पेटली आणि २५ जणांचा मृत्यू झाला. तिथे हँडलचा दोष नव्हता. पण बाहेर पडण्याची वाट बंद झाली की किती कमी वेळ हातात असतो, हे त्या रात्री दिसले.

गाडी घेताना काय तपासाल?

• १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण उतरली तर दार बाहेरून कसे उघडते, हे सेल्समनला करून दाखवायला सांगा.
• आतली आपत्कालीन कळ चारही दारांना आहे का, ते पाहा. घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, ती एकदा वापरायला लावा.
• बाजूच्या काचा टफन्ड आहेत की लॅमिनेटेड, ते विचारा. टफन्ड काच हातोडीने कोपऱ्यात मारल्यास फुटते. आवाज कमी व्हावा म्हणून काही महागड्या गाड्यांत लॅमिनेटेड काच असते. ती सहज फुटत नाही.
• काच फोडायची हातोडी डिकीत नको, ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा.
• गाडी धुताना हँडलची फट स्वच्छ करा. हँडल उशिरा बाहेर येऊ लागले तर लगेच दाखवून घ्या.

रस्त्यावर मदतीला धावणाऱ्यांनी काय करावे?

आपल्याकडे अपघातस्थळी सर्वांत आधी पोहोचतात ते शेजारचे शेतकरी, ढाबेवाले आणि ट्रकचालक. दाराला हँडल दिसत नसेल तर पत्र्यावरील हँडलच्या आकाराच्या रेषेचे एक टोक दाबून पाहा. नाही उघडले तर वेळ न घालवता प्रवाशापासून लांबची बाजूची काच कोपऱ्यात फोडा. समोरची काच लॅमिनेटेड असते, तिच्यावर जोर वाया घालवू नका. सोबतच ११२ किंवा १०८ वर फोन करा. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ए चे संरक्षण आहे. गंभीर जखमीला वेळेत रुग्णालयात पोहोचवणाऱ्यास केंद्राच्या ‘राह-वीर’ योजनेत २५ हजार रुपये मिळतात.

बाहेरचे हँडल मालकापेक्षा अनोळखी माणसासाठी जास्त महत्त्वाचे असते. त्याच्या खिशात किल्ली नसते आणि त्याने गाडीचे मॅन्युअल वाचलेले नसते. त्याच्या हातालाही दार उघडता आले पाहिजे, एवढीच या नियमामागची अपेक्षा आहे.