चित्रपटातील प्रकाशयोजना आणि भावनिर्मिती : दोन कृष्णधवल चित्रपटांच्या संदर्भात

प्रस्तावना :
चित्रपट हे दृक्-श्राव्य माध्यम असले तरी पडद्यावर प्रेक्षकास दिसतो तो प्रकाशच. पात्रे, नेपथ्य व अभिनय यांचा प्रत्यय त्याच्याच द्वारे येतो. त्यामुळे प्रकाशयोजना ही केवळ तांत्रिक बाब नसून अर्थनिर्मितीचे साधन ठरते.

प्रकाशयोजनेच्या शैली :
मुख्य प्रकाश, पूरक प्रकाश व पार्श्वप्रकाश हे प्रकाशयोजनेचे मूलभूत घटक होत. पूरक प्रकाश पुरेसा असल्यास छाया विरळ होतात. ही ‘हाय-की’ शैली प्रसन्न, विनोदी प्रसंगांत विशेषत्वाने आढळते. तो कमी केल्यास छाया गडद होतात. ही ‘लो-की’ शैली गूढता, भय व एकाकीपणा सूचित करते. तथापि उजेड म्हणजे आनंद आणि अंधार म्हणजे दुःख, हे समीकरण अपुरे आहे. प्रकाशाची दिशा, प्रखरता व मृदुता यांचाही विचार आवश्यक ठरतो.

दोन उदाहरणे :
गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’ (१९५९) मधील रिकाम्या स्टुडिओतील गीतप्रसंगात छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी आरशांच्या साहाय्याने सूर्यप्रकाश आत वळविला. हवेतील सूक्ष्म कणांमुळे प्रकाशाचा झोत दृश्यमान होतो आणि भोवतालचा अंधार अधिकच गहिरा भासतो. नायक-नायिकेतील अंतर संवादांवाचून व्यक्त होते. येथे विरह अंधारातून जेवढा, तेवढाच त्या प्रखर झोतातूनही साकारतो.

याउलट सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ (१९५६) साठी काशीतील घराचे अंगण स्टुडिओत उभारण्यात आले होते. छायालेखक सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणून त्यावरून दिव्यांचा प्रकाश परावर्तित केला. त्यामुळे उघड्या आकाशातून झिरपणाऱ्या उजेडासारखा मृदू, जवळजवळ छायाविरहित प्रकाश लाभला. अंगणातील दिवसाच्या प्रसंगांत हा प्रकाश दुःखाची पूर्वसूचना देत नाही. म्हणूनच हरिहरचा मृत्यू नित्याच्या जीवनक्रमातच ओढवलेला वाटतो व अधिक चटका लावतो.

निष्कर्ष :
अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन चित्रपटांत शोकभाव परस्परविरुद्ध मार्गांनी साधला आहे. एक प्रकाश शोकाला अधोरेखित करतो, तर दुसरा त्याबाबत मौन पाळतो. चित्रपटाचे अध्यापन करताना दृश्य उजळ की अंधारे, एवढाच प्रश्न विचारणे म्हणूनच पुरेसे नाही. प्रकाश कोठून येतो, कोणावर पडतो आणि काय झाकून ठेवतो, याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधणे अगत्याचे आहे.