डीएनए पोलिसांकडे, देखरेख कोणाकडे?

पोलिसांच्या डीएनए संग्रहावर पोलिसांबाहेरच्या स्वतंत्र यंत्रणेची देखरेख हवी, हा मुद्दा भारतात २०२२पासून तातडीचा झाला आहे. १९२०च्या कैदी ओळख कायद्यात बोटांचे आणि पावलांचे ठसे, मोजमापे, छायाचित्रे एवढेच होते. ४ ऑगस्ट २०२२पासून त्याच्या जागी फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा आला आणि जैविक नमुने व त्यांचे विश्लेषणही नोंदीत आले. या नोंदी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे (एनसीआरबी) ७५ वर्षे राहतात.

नमुना आणि प्रोफाइल या वेगळ्या गोष्टी आहेत. गालाच्या आतून कापसाच्या काडीने घेतलेल्या पेशींत माणसाची सगळी आनुवंशिक माहिती असते. प्रोफाइल ही त्यातल्या वीसेक ठरावीक जागांवरून काढलेली आकड्यांची ओळ. ओळख पटवायला ती पुरते. अर्धवट जुळणीतून भाऊ, वडील, मुलांपर्यंतही माग काढता येतो. त्यामुळे एकाच्या नमुन्याबरोबर न विचारता त्याचे घरही तपासाच्या कक्षेत येते.

उदाहरणार्थ, पुण्यातल्या बुधवार पेठेत फरासखाना पोलिस ठाणे आहे आणि शहरातली देहविक्रीची वस्तीही. अनैतिक व्यापार प्रतिबंधक (‘पीटा’) कायद्याच्या कलम ८खाली, गिऱ्हाईक बोलावल्याच्या आरोपावरून अटक झालेल्या बाईला पहिल्या गुन्ह्यासाठी जास्तीत जास्त सहा महिने कैद होऊ शकते. नव्या कायद्याच्या कलम ३नुसार, सात वर्षांहून कमी शिक्षेच्या आणि स्त्री किंवा बालकाविरुद्ध नसलेल्या गुन्ह्यात अटक झाल्यास जैविक नमुन्याची सक्ती नाही. म्हणजे ती नकार देऊ शकते. मात्र कलम ५खाली दंडाधिकारी तसा आदेश देऊ शकतात. वकील नसलेल्या बाईला नकाराचा हक्क सांगितला होता का, तिची संमती खरी होती का, हे तपासणारी ठाण्याबाहेरची यंत्रणाच या कायद्यात नाही.

जिथे छापे जास्त, तिथल्या नोंदी जास्त. पुढच्या तपासात संशयही तिकडेच वळतो. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून लावलेला शिक्का १९५२मध्ये कागदावरून पुसला गेला, तरी पारधी समाज आजही संशयाचे ओझे वाहतो. संग्रहाने ते ओझे वाढवता कामा नये.

२०२२च्या कायद्यानुसार, आधी शिक्षा झालेली नसेल तर निर्दोष सुटलेल्याची नोंद अपिलाचे सर्व मार्ग संपल्यावर नष्ट व्हायला हवी. पण दंडाधिकारी कारणे नोंदवून ती राखून ठेवू शकतात. संसदेत मांडलेल्या डीएनए विधेयकात नियामक मंडळ होते, पण अध्यक्षपद जैवतंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे. ते विधेयक २०२३मध्ये मागे घेतले गेले. त्याच वर्षीच्या विदा संरक्षण कायद्यानेही गुन्हे तपासाला मोठी सूट दिली.

ब्रिटनचा राष्ट्रीय संग्रह १९९५चा. त्यासाठी २००७मध्ये नीतिविषयक सल्लागार गट नेमला गेला. निर्दोषांच्या नोंदी बेमुदत ठेवणे हा खासगीपणाचा भंग आहे, असे २००८मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ‘मार्पर’ खटल्यात ठरवले. २०१२च्या कायद्यानंतर १७ लाखांहून अधिक प्रोफाइल पुसले गेले, बायोमेट्रिक आयुक्त आले आणि नमुने साधारणपणे सहा महिन्यांत नष्ट करणे बंधनकारक झाले.

भारतातही डीएनएमुळे खरा गुन्हेगार सापडावा आणि निरपराध सुटावा, यासाठी विश्वास लागतो. तो टिकवायचा तर गृह खात्यापासून स्वतंत्र, न्यायाधीश, आनुवंशिकीतज्ज्ञ आणि वंचित समाजांचे प्रतिनिधी असलेले मंडळ हवे. कोणत्याही ठाण्याच्या नोंदी तपासण्याचा अधिकार, दरवर्षी जाहीर अहवाल आणि निर्दोष सुटताच अर्जाविना नोंद पुसण्याची सोय या त्याच्या किमान अटी आहेत.