पडद्याचे छायाचित्रण

दूरचित्रवाणी संच, संगणक, मोबाइल फोन, वैद्यकीय उपकरणे इत्यादींच्या प्रकाशमान पडद्याचे कॅमेऱ्याने चित्रण करताना पडदा व त्याचा परिसर दोन्ही सुस्पष्ट दिसावेत, यासाठी प्रकाशयोजना व उद्‌भासन यांचा मेळ घालण्याचे तंत्र.

कागद, भिंत, मनुष्याचा चेहरा या गोष्टी त्यांवर पडलेला प्रकाश परावर्तित करतात. पडदा मात्र स्वतः प्रकाश देतो. म्हणून खोलीतील प्रकाश वाढविल्याने पडद्यावरील चित्र उजळत नाही. उलट काचेवरून परावर्तित झालेला प्रकाश चित्राच्या काळ्या भागांत मिसळतो व ते फिके पडते. ५०० लक्स प्रदीपन असलेल्या खोलीत पांढऱ्या कागदाची दीप्ती दर चौ. मी.ला सु. १२५ कँडेला भरते; संगणकाच्या पडद्याच्या पांढऱ्या भागाची दीप्ती सामान्यतः २०० ते ४०० कँडेला असते. प्रदीपन ५० लक्स केल्यास कागदाची दीप्ती दशांशावर येते आणि पडदा त्याच्या वीसपटींहून अधिक तेजस्वी ठरू शकतो. भर उन्हात कागदाची दीप्ती सु. २५,००० कँडेलांपर्यंत जाते व तोच पडदा काळवंडलेला दिसतो.

डोळा अशा फरकाशी जुळवून घेतो. कॅमेऱ्याची क्षमता मर्यादित असते. अंकीय कॅमेऱ्यात चित्राचा तेजस्वी भाग एकदा संपृक्त झाला की, त्यातील तपशील नंतर मिळत नाही. सोनोग्राफीच्या पडद्याचे छायाचित्र सल्ल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठविताना हा दोष घातक ठरू शकतो. यासाठी प्रथम पडद्याला अनुरूप उद्‌भासन ठरवितात व मग परिसरातील प्रकाश त्याच्याशी जुळवितात. जमल्यास पडद्याची दीप्तीही कमीजास्त करतात.

चलच्चित्रणात झडपेचा काल मुक्तपणे निवडता येत नाही. भारतातील जुन्या ऋण किरण नलिकेच्या संचांवर सेकंदाला २५ पूर्ण चित्रे उमटत. सेकंदाला २४ चित्रे घेणाऱ्या चित्रपट कॅमेऱ्यात त्यामुळे सरकता पट्टा दिसे. आधुनिक पडदे बहुधा सेकंदाला ६० वेळा नवे चित्र दाखवितात. त्यांस १/६० सेकंद हा काल अनुकूल असतो. परंतु भारतात विद्युत्‌ पुरवठ्याची कंप्रता ५० हर्ट्‌झ असल्याने काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात व त्यांस १/५० सेकंद सोयीचा असतो. हा विरोध टाळण्यासाठी झडप पडद्याशी जुळवून परिसरासाठी न लुकलुकणारे दिवे वापरतात. मग उद्‌भासनाचे नियंत्रण भिंगाचे छिद्र व कॅमेऱ्याची संवेदनशीलता यांवरच राहते.

दिवे बाजूस व तिरपे ठेवून त्यांचे प्रतिबिंब कॅमेऱ्यात येऊ देत नाहीत. कॅमेऱ्यामागे काळे कापड लावणेही उपयुक्त असते. पडद्याच्या पांढऱ्या रंगाचे वर्ण तापमान सु. ६,५०० केल्व्हिन, तर चित्रणासाठी वापरल्या जाणाऱ्या टंगस्टन दिव्यांचे सु. ३,२०० केल्व्हिन असते. त्यामुळे अशा दिव्यांत पडदा निळसर दिसतो. दिव्यांवर निळे फिल्टर लावून हा फरक घालवितात. द्रव स्फटिक पडद्याचा प्रकाश ध्रुवित असल्याने भिंगावरील ध्रुवक फिल्टर विशिष्ट कोनात फिरविल्यास पडदाच काळा होतो. म्हणून तो जपून वापरावा लागतो. पडद्याचे बिंदू व कॅमेऱ्यातील संवेदकाचे बिंदू यांच्या जाळ्या एकमेकींवर येऊन लहरींसारखी नक्षी उमटल्यास कॅमेऱ्याचे अंतर वा कोन थोडा बदलतात.